मंगलचा प्रबंध मी सांभाळला

सांगतो, पण चहाचा घोट घेताना हसू नका, ठसका लागेल. आणि खरं म्हणाल तर त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मला आजही कळलेलं नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी नगरजवळच्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसात होतो. अख्ख्या ऑफिसात कॉम्प्युटर कळणारा माणूस म्हणजे मी, असा एक समज होता. कुणाचा? माझाच.

घरात दोन कॉम्प्युटर. पुढच्या खोलीत नवा, विंडोजचा. त्यावर माझी बायको मंगल तिचा एम.एड.चा प्रबंध टाइप करत होती. मागच्या खोलीत कारखान्याने मोडीत काढलेला जुना. त्यावर मी मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून विंडोजऐवजी लिनक्स चढवलं होतं. कशासाठी? हे मंगलनेही विचारलं होतं. तिलाही उत्तर मिळालं नव्हतं.

प्रबंध सोमवारी द्यायचा होता. माहेरी तिसगावला एवढं शिकलेली तीच पहिली, म्हणून तिचे वडील, आण्णा, बाजरी घेऊन मुक्कामाला आले होते. बाजरीचं निमित्त. त्यांना लेकीचा प्रबंध छापून, बांधून आलेला बघायचा होता.

आता माझं डोकं बघा. एवढं मोठं काम एकाच मशीनवर? उद्या ते बसलं म्हणजे? तेव्हा दोन्ही कॉम्प्युटर वायरीने जोडायचे, तिचं फोल्डर माझ्याकडून उघडायचं आणि प्रबंध जपून ठेवायचा. मंगल म्हणाली, फ्लॉपीवर आहे की माझ्याकडे. होता. पण लिनक्स चढवायला मला फ्लॉप्या लागल्या होत्या आणि त्या मी तिच्याच पुसून घेतल्या होत्या. नेटवर्क आल्यावर फ्लॉपी हवीच कशाला?

महिनाभर ती दोन मशीनं एकमेकांना ओळख दाखवेनात. विंडोज पासवर्ड मागायचं, लिनक्स द्यायचं, विंडोज म्हणायचं हा नव्हे. शेवटी वैतागून मी पासवर्डच काढून टाकला. या फोल्डरमध्ये कुणीही यावं, काहीही करावं.

आणि रविवारी सकाळी मागच्या खोलीत प्रबंधाची सगळी प्रकरणं पडद्यावर हजर! मी पहिलं उघडलं. मराठीचा पत्ता नाही. डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, स्वल्पविराम. दुसरं प्रकरण उघडलं, तेच.

आज कळतं, तेव्हा ज्या मशीनवर तो मराठी फॉन्ट असेल तिथेच मराठी दिसायचं आणि माझ्याकडे तो नव्हता. प्रबंध धडधाकट होता. पण मला वाटलं, येताना वाटेत नासला. मग मी सरळ विचार केला. इकडे आलेला नासका माल पुसून टाकू आणि तिकडून पुन्हा ताजा आणू.

पुसला. लिनक्सचं एक आहे, एकदा सांगितलं की उलट विचारत नाही.

ताजा माल आणायला पुढच्या खोलीत गेलो, तर तिथलं फोल्डर रिकामं.

विंडोजच्या कचऱ्याच्या डब्यात पाहिलं. दुसऱ्या मशीनवरून पुसलेलं तिथे येतच नाही, हे त्या दिवशी शिकलो. मशीन बंद करून चालू केलं. मागे गेलो, पुढे आलो, पुन्हा मागे गेलो. जावयाला काय होतंय ते न कळून आण्णांनी मला पाणी आणून दिलं.

मंगल स्वयंपाकघरातून आली. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, माझं वर्ष होतं त्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सांगायला लागलो, की मी फक्त माझ्याकडची प्रत पुसली, इथल्या मूळ प्रतीला मी हातही लावलेला नाही, ती कशी गेली देव जाणे. आण्णा मन लावून ऐकत होते.

"म्हंजी तिकडं पुसलं आन् हिकडचं बी गेलं?"

मी मान हलवली.

"मंग जोडलं गेलं की, पाव्हनं," आण्णा म्हणाले. "म्हैनाभर त्येच तर चाललं हुतं तुमचं."

बिचारे माझी समजूत घालत होते. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्याकडे प्रत आलेलीच नव्हती. एकच फोल्डर दोन खोल्यांतून दिसत होतं. शेअरिंग पक्कं लागलं होतं!

पुढे मंगलने मार्गदर्शक बाईंकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि हाताने लिहिलेल्या कच्च्या कागदांवरून सगळं पुन्हा टाइप केलं. मी शेजारी बसून वाचून दाखवायचो, कीबोर्डला हात लावायची परवानगी नव्हती. प्रबंध सादर झाला, ती पास झाली, आण्णांनी तिसगावात पेढे वाटले. प्रबंध पुसला म्हणून तिने मला केव्हाच माफ केलं.

पण आण्णा "जोडलं गेलं" म्हणाले ना, त्या क्षणी तिच्या रडवेल्या तोंडासमोर मी आनंदाने हसलो होतो. त्याची माफी अजून मिळालेली नाही.