सगळ्यांना चालणारं रक्त

आमच्या घरात आजवर कोणी काही लिहिलेलं नाही. त्यातून मी ज्यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहतो त्यांच्याविषयीच लिहितोय, म्हणून आधीच माफी मागतो.

आमचे घरमालक काका ओ निगेटिव्ह आहेत. नव्या माणसाला ते आधी आडनाव विचारतात आणि मग स्वतःचा रक्तगट सांगतात. “मन्हं रगत समदासले चालस, पन माले समदासनं चालत नही.” जणू हा गट त्यांनीच शेतात पिकवलाय. रक्तदान शिबिराचा नारळ दरवेळी तेच फोडतात, पण खाटेवर कधी झोपले नाहीत. “आमनं रगत कोना आंगमा जाई, काय सांगता येस?” मी काठी गावाकडचा, डोंगरातला आदिवासी; माझा चहाचा पेला त्यांच्या जिन्यात वेगळा उपडा असतो.

उन्हाळ्यात ते ट्रॅक्टरवरून पडले आणि खूप रक्त गेलं. भाऊबंद धावून आले, पण सगळे पॉझिटिव्ह निघाले. माझा गट जुळला. रक्त देऊन उठलो तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, “भाऊ, तेस्ले सांगू नको.” रक्त धानोऱ्याच्या चुलतभावाने दिलं, असं काकूंनी सांगितलं आणि बरे झाल्यावर काका त्याचे उपकार गावभर सांगत फिरले.

दिवाळीत दवाखान्याच्या कंपाउंडरने त्यांना खरं सांगून टाकलं. त्या संध्याकाळी काका पहिल्यांदाच माझ्या दारात आले.

“पोऱ्या, तू सायन्सना शे. दुसरानं रगत आंगमा कितला दिन ऱ्हास?”

“तीन-चार महिने राहतं, काका.”

त्यांनी बोटांवर महिने मोजले.

“मंग सरी गयं ते,” म्हणाले आणि निश्चिंत मनाने खाली उतरले.