तपासणीपुरते आत

शाळा तपासायला आलेल्या साहेबाची घोडागाडी टेंभी नाक्यापर्यंतसुद्धा पोचली नसेल, तोच हेडमास्तर आमच्यावर खेकसले, "उठा रे. झालं तुमचं काम. बाहेर व्हा."

आम्ही अकरा पोरं. दहा उठली. मला वाटलं, मास्तर रागात बोलले, आत्ता हसतील. म्हणून मी बसूनच राहिलो, येड्यासारखा. त्यांनी छडीच्या टोकानं मला ढकललं. हात लावला नाही. मग गड्यानं आम्ही बसलो होतो तेवढीच जमीन शेणानं सारवली. ते शेण माझ्या आईनं सकाळी आणून टाकलं होतं, शाळा साहेबाला नीट दिसावी म्हणून. आईचं शेण चाललं. आईचं पोर नाही चाललं.

ही ठाण्यातली इंग्रजी शाळा. आज तिला हायस्कूल म्हणतात, मोठं नाव आहे. तेव्हा ती मरणाला टेकली होती. कौलं फुटलेली, भिंतींना ओल, वर्गात दहाबारा टाळकी. बऱ्या घरची पोरं मिशनच्या शाळेत गेलेली. हजेरी वाढली नाही तर सरकारी मदत बंद आणि दाराला कुलूप. तेव्हा हे मास्तर आमच्या महारवाड्यात आले. चिंचेखाली उभे राहून माझ्या बापाला म्हणाले, "तुमची पोरं पाठवा. साहेबांनी शाळा पास केली की त्यांना कायमचं आत बसवीन. हा माझा शब्द."

तुमची! बाप रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायचा, जन्मभर सगळ्यांचा 'अरे'. त्या एका 'तुमची'वर भाळला बिचारा. वाड्यातले गडी घेऊन गेला आणि शाळेचं सगळं छप्पर फुकटात शाकारून आला. छपरावर चढायला आम्ही चालतो, बरं का. छपराखाली बसायला नाही.

वर्षभर आम्ही व्हरांड्यात खिडकीखाली बसून शिकलो. पाटी जमिनीवर ठेवायची, आपण लांब सरकायचं, मग मास्तर वाकून बघायचे. इंग्रजी कविता मी खिडकीतून ऐकून पाठ केली. तपासणीच्या दिवशी आत बसून तीच साहेबाला घडाघडा म्हणून दाखवली. साहेब खूश. मास्तर माझ्याकडे बघून हसले. ते हसू मी खरं मानलं. अजून लाज वाटते त्याची.

शाळा पास झाली. नवा फलक लागला, बाकं आली, बऱ्या घरची पोरं परत आली. आम्ही मात्र खिडकीखालीच. बाप मास्तरांकडे गेला. "मास्तर, तुमचा शब्द?"

"अरे, गाव काय म्हणेल? जरा समजून घे."

पुन्हा अरे. बाप घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. त्या दिवशी तो जेवला नाही.

वर्ष गेलं. पुन्हा तपासणी आली. गेल्या खेपेला साहेब आमच्यावरच खूश झाला होता, म्हणून यंदाही आम्ही हवेच होतो. मास्तर व्हरांड्यात आले. आवाजात साखर.

"चला बाळांनो, आत या."

पोरं उठायला लागली. मी म्हणालो, "नाही."

"काय?"

"आम्ही इथंच बसतो, मास्तर. रोज बसतो तिथं. साहेबालाही इथंच दिसू द्या."

उठलेली पोरं परत खाली बसली. अकराच्या अकरा बाहेरच. वर्षभर त्या उंबऱ्यासाठी जीव टाकला आणि बोलावलं तेव्हा कुणी हललं नाही.

साहेब आला. थांबला. "ही मुलं बाहेर का?"

मास्तर म्हणाले, "त्यांना वाऱ्याला बसायला आवडतं, साहेब."

मी ओरडलो, "खोटं! आम्हाला आत घेत नाहीत. फक्त तुम्ही येता तेव्हा घेतात."

साहेबानं मला ओळखलं. कवितेचा पोरगा. तरी आत गेला, वहीत सही केली आणि गाडीत बसला. त्यानंही ते खोटं गिळलं. संध्याकाळी आमची अकरा नावं हजेरीतून काढली. पुढं वाड्यातली दुसरी पोरं घेतली. तपासणी दर वर्षी येते ना!

परवा शाळेचा माणूस माझ्या दारात आला. पडायला आलेली शाळा कशी उभी राहिली, त्याचा म्हणे समारंभ आहे. "तुम्ही जुने विद्यार्थी. आत पुढं खुर्ची ठेवतो. मोठे साहेब येणार आहेत."

तुम्ही! आता मी भाळत नाही.

विचारलं, "आमच्या वाड्यातली पोरं सध्या कुठं बसतात?"

तो चपलेकडे बघायला लागला.

"व्हरांड्यातच ना? मग येतो मी. खुर्ची नको. खिडकीखाली त्या पोरांत बसेन. साहेब आला की माझ्या बापानं ते छप्पर कशासाठी शाकारलं, ते मोठ्यानं सांगेन. शब्द कुणी दिला आणि कुणी मोडला, तेही सांगेन. तुमच्या हेडमास्तरांना निरोप दे. एका दिवसापुरता मी तो उंबरा ओलांडणार नाही."