दवावरची ज्वारी

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सोलापुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत ज्वारी पेरली, तेव्हा आळीतले लोक हसले. मीही हसलो. लोक गच्चीवर गुलाब लावतात, फार तर मिरची-कोथिंबीर. आमच्याकडे सगळंच जगावेगळं.

अण्णांचं शेत अक्कलकोटच्या अलीकडे होतं. त्यातून मोठा रस्ता गेला, आणि उरले ते दोन तुकडे नांगर वळवण्याजोगेही नव्हते. यंत्रं यायच्या आधी अण्णांनी टेम्पो नेला आणि पोती भरभरून काळी माती शहरात आणली. "अण्णा, माती इथं नर्सरीत मिळते की," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी मुकाट पोती वर चढवायला लागलो.

हा सगळा खटाटोप येळवसेसाठी, म्हणजे वेळाअमावस्येसाठी होता. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात शेतात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, उभी करतात, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पूजा करतात आणि मग आंबिलीचं मडकं घेऊन, आंबील शिंपडत पिकाभोवती फेरी मारतात. फेरी असते ती उभ्या ज्वारीला. अण्णांनी जन्मात ती चुकवली नव्हती, आणि शेत गेलं म्हणून चुकवायची त्यांची तयारी नव्हती.

दिवाळी सरली, थंडी पडली आणि गच्चीला रंग चढला. आईनं, म्हणजे आमच्या अव्वानं, उरलेल्या बादल्यांत येळवसेच्या भज्जीसाठी, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळीच्या भाजीसाठी, हरभरा आणि पावटा लावला. माझ्या मुलांनी नाताळच्या सुट्टीची वाट न बघता पुठ्ठ्याचे बैल करायला घेतले. शेजारच्या विणकराच्या घरून रंगीत सुताचे उरलेले तुकडे आणून बैलांना झुली केल्या. एका बैलाला पाच पाय झाले, तोही अण्णांनी पास केला. मडक्यांवर काव आणि चुन्याची बोटं उठली. इतकं हसरं घर मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

प्रश्न एकच होता, पाण्याचा. ज्वारीला पाणी घालू द्यायला अण्णा तयार नव्हते. "रब्बीची ज्वारी पाण्यावर न्हाय, दवावर येतीया," ते म्हणायचे. "ही आपली माती हाय. पोटात वल धरून बसती." शेतात ते खरंच होतं. पण तिथं ओल पुरुषभर खाली असते आणि बादलीत माती दोन वीत. हे अण्णांना कळत नव्हतं, असं मी कसं म्हणू? सगळं आयुष्य त्यांनी त्याच मातीत काढलं होतं. त्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच.

आणि ज्वारी मात्र तरारून आली. गुडघ्याला लागली, कमरेला लागली. अण्णा जो येईल त्याला वर नेऊन दाखवायचे. "थेंबभर पानी घातलं न्हाय. बगा."

पाणी अव्वा घालत होती. अण्णा पहाटे तळ्याकडे फिरायला गेले, की ती कळशी घेऊन वर जायची, बुडाशी बेतानं पाणी सोडायची आणि वरून कोरडी माती भुरभुरायची. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

ज्वारी पोटरीला आली, म्हणजे कणीस पोटात धरू लागली, आणि अकलूजहून जावयांचा फोन आला. बहिणीचं दुसरं बाळंतपण, दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. अव्वा नेसत्या लुगड्यानिशी निघाली.

तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. रोज संध्याकाळी ती जावयांच्या फोनवरून बोलायची, आणि आमच्याकडे फोन आला की तो स्पीकरवर टाकून सगळे भोवती बसणार, सगळ्यांत पुढे अण्णा. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचं सांगून झालं की ती विचारायची, "ज्वारी कशी हाय?"

"तिला काय धाड भरलीय? दवावर हाय ती," अण्णा म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "ज्वारी कशी हाय?" मी एकदा वैतागून म्हणालो, "अव्वा, नातू कसा आहे ते सांग, ज्वारीचं काय घेऊन बसलीस!" पलीकडे ती गप्प झाली. आज तो गप्पपणा आठवला, की माझं मलाच वाईट वाटतं. चार शब्द बोलायला तिला एक मोकळा कान हवा होता.

आठवडाभरात पानं सुरळीसारखी वळली, मग खालून पिवळी पडत गेली. अण्णा सकाळी वर जाऊन बसायचे आणि जेवायला हाक मारली तरी उतरायचे नाहीत. मी पाणी घालू का म्हणून विचारलं, तर "पान्याचं न्हाय ते," एवढंच म्हणाले.

अव्वा येळवसेच्या आदल्या दिवशी परतली. पिशवी खाली टाकून आधी गच्चीवर गेली. बादल्यांत नुसता कडबा उभा होता.

येळवसेला कोपी झाली, दगड मांडले, भज्जी आणि बाजरीचे उकडलेले उंडे झाले. मुलांचे बैल कोपीपुढे उभे राहिले. पूजा झाल्यावर मी आंबिलीचं मडकं अण्णांपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतला.

"तू मार फेरी. माज्या हाताला आता यश न्हाय. करपली, बगितलंस न्हवं?"

अव्वाला ते सोसलं नाही. "तुमच्या हाताचं काय बी न्हाय त्यात," ती म्हणाली. "पानी मी घालत हुते. रोज. अकलूजला गेले, तवा ऱ्हायलं."

अण्णा रागावतील म्हणून मी मडकं धरून तसाच उभा राहिलो. ते रागावले नाहीत. हात लांबवून त्यांनी जवळच्या बादलीतली माती बोटांत चुरली.

"मला वाटलं, मातीनं वळखलं," ते म्हणाले.

मग उठून त्यांनी मडकं घेतलं आणि वाळल्या ज्वारीभोवती फेरी पुरी केली. हाताचा दोष नव्हता, तेव्हा नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणच उरलं नव्हतं. मुलं मागून ओरडत होती. अव्वा कोपीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

तिनं सांगायला नको होतं, असं मला कधी वाटतं. पण न सांगता ती तरी काय करणार होती? आपला हात वाया गेला म्हणून कुढणारा नवरा तिनं रोज कसा बघितला असता?

या कार्तिकात अण्णांनी त्याच बादल्यांत शेवंती आणि झेंडू लावलाय. नळाला पाइप जोडून ते सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी घालतात. गच्ची फुलांनी भरलीय. परवा शेजारच्या विणकरांनी वर येऊन तोंडभर कौतुक केलं, "अण्णा, तुमच्या हाताला गुण आहे बघा."

"पानी घातलं की काय बी येतंय," अण्णा म्हणाले, आणि पाइप पुढच्या बादलीत सोडला.