मशीनवरची चादर

टेलरबाईंच्या हाताला गल्लीत तोड नव्हती. लढाई थांबून दीड वर्ष झालं होतं, आणि कामही रग्गड होतं; सगळीच माणसं वाळली होती, जो तो कपडे आवळून घ्यायला यायचा. पण बाईंनी शिलाई मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. तासाभराच्या कामाला हातानं अख्खा दिवस लागायचा. कुणी विचारलंच तर "मशीन बिघडलंय" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

मशीनला काही धाड भरली नव्हती. तोफगोळा पडून नवरा गेला त्या दुपारी बाई मशीनवरच होत्या. घरघरीत बाहेरचं काही कानावर आलं नाही. तो कोपऱ्यावरून त्यांनाच हाका मारत होता, असं शेजाऱ्यांनी मागाहून सांगितलं. नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

घरात त्या आणि थोरली जाऊ, दोघीच. एकदा आरोग्य केंद्रातली नर्स कागद घेऊन आली.

"झोप लागते?"

"लागते."

"जगण्याचा कंटाळा येतो?"

"कामातून सवड मिळाली तर येईल ना."

नर्स लिहू लागली, तशी जाऊनं हातातलं पातेलं आदळलं. "खोटं लिहून नेऊ नका! ही बूट घालून निजते. भांडी घासताना सारखा नळ बंद करून कानोसा घेते. हिच्यापायी माझ्याही डोळ्याला डोळा नाही."

"तुम्हाला कुणी जागं राहायला सांगितलंय, जाऊबाई?"

"पळायच्या तयारीत निजलेल्या माणसाशेजारी झोप लागते का गं कुणाला?"

नर्स म्हणाली, "मंगळवारी दुपारी केंद्रात या. सात-आठ जणी बसतात. बोललंच पाहिजे असं नाही."

जाऊच्या धाकानं त्या गेल्या. तीन मंगळवार तोंडात मूग धरून बसल्या. चौथ्या खेपेला एक म्हाताऱ्या शिक्षिका म्हणाल्या, "मी न्हायचंच टाळते. डोक्यावर पाणी पडलं की बाहेरचं ऐकू येत नाही."

"माझं मशीन!" टेलरबाईंच्या तोंडून निसटलं. मग हाकांचंही सांगून झालं. रडू आलं नाही. नुसत्या जांभयांवर जांभया येत राहिल्या.

घरी येऊन त्यांनी जाऊलाही सांगितलं. जाऊनं स्टूल उचलून उंबऱ्याशी ठेवलं.

"मी ऐकते. तू शिव."

"आणि काही आलं तर?"

"ओरडेन. माझा आवाज मशीनला हार जाणार नाही, एवढं तरी मान्य कर."

चादर निघाली. तेल घातलं. पहिल्या दिवशी चार बोटं शिवण झाली, दर दोन टाक्यांना "काही आहे का?" आणि दारातून "काही नाही." महिन्याभरात अर्ध्या तासापर्यंत मजल गेली. बूट मात्र पायातच राहिले. कधी जाऊ म्हणायची, "आज माझे कान दमलेत," आणि त्या दिवशी मशीन बंद.

एका दुपारी शर्टाची दुसरी बाही लावताना टेलरबाईंनी सहज वर पाहिलं. जाऊ भिंतीला डोकं टेकून घोरत होती. कधीपासून, कोण जाणे. चाकावर हात ठेवून बाई बाहेरचा कानोसा घेत राहिल्या.

जाऊला त्यांनी उठवलं नाही. सुई ओवली आणि उरलेली बाही हातानंच लावली.