प्रॅक्टिकल सुटल्यावरची गाडी

कॉलेजात असताना आमच्या वर्गातली मुलं आणि मुली एकमेकांशी बोलत नसत. वर्ध्यात तेव्हा तशी रीतच होती. नुसतं जर्नल मागायचं तरी मधे कुणाची तरी मावसबहीण लागायची. त्यामुळे आमच्या बी.एस्सी.च्या बॅचचं पहिलं दणदणीत भांडण झालं ते सगळ्यांचे केस पिकल्यावर, बोरगाव मेघेतल्या एका हॉलमध्ये, स्नेहसंमेलनाची जेवणं उरकल्यानंतर. खेड्यांसाठी संस्था काढायची, यावर एकमत झटक्यात झालं. काय करायचं म्हटल्यावर मात्र प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. कुणाला झाडं लावायची होती, कुणाला वह्या वाटायच्या होत्या.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. गप्प बसणं मला कुणी शिकवलं नाही. उठले आणि म्हटलं, "वह्या वाटून फोटोच काढाचे असन तं मी चालली घरी. आपल्या वर्गात आंजीची मी एकटीच पोरगी होती. काऊन? बाकीच्या ढ होत्या काय? प्रॅक्टिकल सुटेपर्यंत गावाकडची गाडी निघून जाये, दुसरी अंधार पडल्यावर, म्हनून त्याइनं आर्ट्स घेतलं."

माझे मामा वर्ध्यात राहत होते, म्हणून मी निभावले. शनिवारी तेवढी गावी, आंजीला, जायची, एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची. आंजीच्या मुलींची गत अजूनही तीच आहे, हे मी गावात जाऊन विचारून आले होते.

मग कापडदुकानवाला आमचा वर्गमित्र, ज्याने लॅबमधल्या सर्वांत जास्त परीक्षानळ्या फोडल्या होत्या, तो ओरडला, "मंग गाडीच घेऊन टाकू ना! हाय काय त्यात!"

अशी आमची संस्था उभी राहिली आणि तिच्या दारात एक जुनी मिनीबसही. रंगरंगोटीचं काम कापडवाल्याने हौसेने अंगावर घेतलं. दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत लिहिलं, 'गरीब व होतकरू ग्रामीण विद्यार्थिनींसाठी सप्रेम भेट', आणि खाली आम्हा सगळ्यांची नावं, पदव्यांसकट. मजकूर माझ्याही नजरेखालून गेला होता. मी शुद्धलेखन तपासून दिलं, अर्थ तपासायचा राहिला.

नारळ फोडून गाडी कॉलेजच्या फाटकापाशी लावली. प्रॅक्टिकल सुटलं. मुली बाहेर आल्या, त्यांनी गाडी वाचली, दुपट्टे तोंडावर ओढले आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागल्या. गाडी आंजीला रिकामी गेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी मी एकीला फाटकातच गाठलं. आंजीच्या किराणा दुकानदाराची मुलगी, अकरावी सायन्स, केमिस्ट्रीत वर्गात पहिली. म्हटलं, "का गं, गाडीत काटे आहेत का?"

"मॅडम, आमी गरीब नाई. माह्या बाबाचं दुकान हाय. सारा वर्ग पाहून राह्यला असते, त्या गाडीत कशी बसू मी?" मग तिचा आवाज पडला. "बाबा म्हनते, पोरीनं रोज अंधाराचं घरी येनं जमनार नाई. सोमवारी येऊन माह्यं सायन्स काढनार हायेत. मले आर्ट्स नाई घ्याचं, मॅडम."

मला संताप आला. आधी तिच्या बापाचा, आणि घर येईपर्यंत आमच्या सगळ्यांचा. पोरीचं सायन्स वाचवायला काढलेली गाडी दारात उभी, आणि पोरगी आमच्याच अक्षरांमुळे तिच्यात पाय ठेवत नव्हती.

त्याच संध्याकाळी कापडदुकानात साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बैठक बसवली. अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी तोडगा काढला, "गरीबच्या जागी गरजू टाकू."

"तुमच्या पोराच्या लग्नपत्रिकेत 'गरजू वर' छापाल का?" मी विचारलं. सगळे हसले, अध्यक्षही.

"पन माह्यं नाव तं राहू दे," कापडवाला कळवळला. "कितीक हौसेनं टाकलं."

"तुझं नाव वाचूनच पोरी पळून राह्यल्या, राजा," मी म्हटलं.

तो फुरंगटला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी थिनरचा डबा आणि चिंध्या घेऊन तोच माझ्या आधी हजर होता. कॉलेजात ज्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते, त्याच्या शेजारी उभी राहून मी आमची नावं घासून काढली. समोर फक्त पाटी ठेवली, 'वर्धा – आंजी (मोठी)'. तिकीटही ठेवलं, दुसऱ्या गाड्यांना असतं तसंच. फुकट म्हटलं की आमच्याकडे माणूस आधी दोन पावलं मागे सरतो.

सोमवारी त्या मुलीचा बाप, किराणा दुकानदार, आला. मी फाटकातच उभी होते. गाडीकडे बघून त्याने विचारलं, "कोनाची गाडी हाय, बाई?"

"आंजीची. प्रॅक्टिकल सुटलं की निघते. तिकीट लागते, भाऊ."

"टाइमावर निघते काय?"

"मी बसीन तिच्यात. नाई निघाली तं माह्या घरी भांडाले येजा."

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, एका टायरला लाथ मारून पाहिली. मग कॉलेजच्या ऑफिसकडे न जाता रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर जाऊन बसला. प्रॅक्टिकल सुटायची वाट बघत होता, हे मला कळलं. त्याच्याइतकीच मीही बघत होते.

प्रॅक्टिकल सुटलं. मुली पळतच आल्या. दार उघडायच्या आधीच खिडक्यांतून दुपट्टे आत पडायला लागले, हिरवे, पिवळे, कुणाची वॉटरबॅगसुद्धा. दुकानदार ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला आणि त्याने दोन तिकिटांचे पैसे पुढे केले. गर्दी ओसरल्यावर मी चढले. खिडकीजवळ एकच जागा मोकळी दिसली, वर हिरवा दुपट्टा. तो उचलून मी बसणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ मॅडम, थे जागा धरली हाय. माह्यी मैत्रीण येऊन राह्यली."

किराणावाल्याचीच पोरगी. बोटांवर केमिकलचे डाग आणि तोंडावर भांडायची पूर्ण तयारी. दान म्हणून मिळालेल्या गाडीत कुणी जागा धरून भांडत नाही.

मी दुपट्टा होता तसा ठेवला आणि वरची दांडी धरून आंजीपर्यंत उभी गेले.