डॉक्टरांचं जर्मन

बीडच्या तहसील कचेरीत मी दिवसभर उर्दू कागदांच्या नकला करायचो आणि संध्याकाळी डॉक्टरांकडे जर्मन शिकायला जायचो. अंगात त्राण नसायचं. पण कापड रंगवायची विद्या शिकायला जर्मनीला पाठवणारा सरकारी वजीफा होता, त्यासाठी हैद्राबादेत तोंडी परीक्षा होती, आणि वयाच्या अटीमुळे माझी ती शेवटची संधी होती. हुकली की जन्मभर नकला. नुसत्या विचारानं जीव आंबून जायचा.

डॉक्टर तरुणपणी जर्मनीत शिकून आलेले, आता म्हातारे, आणि लई तापट. त्यांच्या पुस्तकातली अक्षरं काटेरी, एकात एक अडकलेली. त्यात प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं! मोडीत नाही, उर्दूत नाही, हे थेर आलं कुठून? पातेल्याला मोठं अक्षर, केरसुणीला मोठं अक्षर, आणि 'मी' मात्र बारका. विसरलो की डॉक्टर खेकसायचे, "कावून विसरतो बे? केरसुणीला पागोटं घाल आधी!" मी पुन्हा पाटी पुसायचो.

उर्दूमुळे घशातला 'ख़' लगेच जमला. पण ओठ गोल करून 'ई' म्हणायचा एक स्वर आहे, तो काही केल्या जमेना. डॉक्टरांच्या तोंडात सदा विडा. तो स्वर काढताना ते हनुवटी वर करायचे, ओठ आवळायचे, गाल फुगवायचे. मीही तस्संच करायचो. गाल ठणकायचे, घरी बहीण हसायची. शेवटी एकदाचे डॉक्टर म्हणाले, "जमलं!" तेव्हा मला हायसं वाटलं.

हैद्राबादेत समोर एक जर्मन साहेब आणि दोन अधिकारी बसलेले. मी हनुवटी वर करून उतारा वाचायला लागलो. थोडंसं वाचलं असेल नसेल, साहेबानं मला थांबवलं आणि एका अधिकाऱ्याच्या कानात काही सांगितलं. अधिकाऱ्यानं पायानं पीकदाणी माझ्याकडे सरकवली. "मियां, पहले मुंह खाली कीजिए."

माझं तोंड रिकामंच होतं. मी आ करून दाखवला. अधिकारी खो खो हसले. साहेब हसला नाही. त्यानं तो स्वर स्वतः काढून दाखवला, सावकाश, सरळ मानेनं. मला तसा काढता आला नाही. वजीफा दुसऱ्याला गेला.

परतताना रेल्वे सोडून जालन्यापासून टांग्यात हाडं खिळखिळी झाली. तसाच डॉक्टरांकडे गेलो आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं.

"विडा थुंकून बोला, असं एकदा तरी म्हणायचं होतंस की रे," ते म्हणाले.

"तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला मी कसं म्हणणार?" मी चिडूनच बोललो.

डॉक्टर उठले. मोरीत जाऊन खळखळून चूळ भरली, समोर येऊन बसले, आणि मान सरळ ठेवून तो स्वर काढला. पुन्हा काढला. तोंडात विडा नव्हता, तरी आवाज तोच, माझ्यासारखाच.

"आता बरोबर हाय का?"

इतक्या वर्षांत त्यांना हे सांगणारं बीडात कुणीच नव्हतं. मला रडू येत होतं, झोप येत होती, आणि राग काढावा तरी कुणावर?

"न्हाई," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला.

"साहेबानं कसं केलं? दाव."

माझं जर्मनीला जाणं संपलं होतं. सकाळी कचेरी गाठायची होती. मी मान सरळ केली आणि ओठ गोल केले.