थंड दाखवणारा काटा

बाबा भिलाईच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे मोजमापाची यंत्रं सांभाळणाऱ्या खात्यात होते. एखादा सेन्सर उगाच कोकलायला लागला तर तो बाजूला काढायचा, पण आधी दुसऱ्या माणसाने खात्री करून घ्यायची, अशी तिथली रीत. घरी दुसरं माणूस म्हणजे आई. तिला कोण विचारतो?

सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरसमोर सेकंडहँड मोटार उभी असायची. थोडं अंतर गेलं की इंजिनच्या उष्णतेचा काटा लाल पट्टीकडे सरकायचा. बाबांनी कित्येक रविवार त्यात घातले. टेस्ट लॅम्प लावून एकेक वायर तपासली, गंजलेली टोकं घासली, अर्थिंग नवं केलं. डायनॅमोजवळ एक सोललेली वायर सापडलीसुद्धा. काटा तरी चढायचाच. मग सेन्सरच खोटा, असा निकाल देऊन बाबांनी त्याची वायर उपसली आणि टोकाला टेप गुंडाळली. काटा थंडवर पडून राहिला. रेडिएटर चोंदलाय का, हे त्यांनी पाहिलंच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी!

त्याच महिन्यात शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, नागपूरचा मामा अत्यवस्थ आहे. आईचा एकुलता भाऊ. त्यांची आई लवकर गेली म्हणून हिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेला.

"दुपारच्या रेल्वेनं जाऊ," आई म्हणाली.

"घरी मोटार असून डब्यात धक्के कायले खायचे?"

"तुमी तो काटा बंद करून ठेवला ना? मले भेव वाटून राहिलं."

"आता तू मले वायरिंग शिकवतं काय?"

विषय संपला. मोटारीनेच निघालो. राजनांदगाव मागे पडलं आणि पुढे देवरीच्या जंगलातल्या चढावर बॉनेटमधून वाफ उसळली. इंजिन जाम. काटा तेव्हाही थंडच दाखवत होता. आम्हाला एका ट्रकवाल्याने घेतलं. नागपूरला पोचलो तेव्हा लोक मामाला पोचवून घाटावरून परतले होते. मामी आईच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "ताई, सारखे दाराकडे पाहत होते हो!"

त्या दिवसापासून मला बाबांचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही. जावा असंही वाटत नाही.

भिलाईला परतल्यावर बाबांच्या खात्यातली मंडळी भेटायला आली. बाबा त्यांना सेन्सरचं सर्किट समजावू लागले. आपण वायरिंग कसं बिनचूक केलं होतं, मग हल्लीचा माल कसा भिकार येतो. आई चहा घेऊन आली. ट्रे टेबलावर ठेवून ती म्हणाली, "हे लोक माह्या भावासाठी आले आहेत. त्याचं नाव तरी घ्या."

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी बोलतील.

एका पाहुण्याने कप उचलता उचलता विचारलं, "साहब, फिर इंजन पूरा खुलवाना पड़ा क्या?"

बाबांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, वही तो बता रहा था," ते म्हणाले आणि खुर्ची पुढे सरकवून बसले.